पाणीकपातीच्या आदेशातच पिंपाचा आदेश हवा

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
प्रत माहितीसाठी: जलअभियंता; कार्यकारी आरोग्य अधिकारी; प्रमुख कीटकनाशक अधिकारी; मुंबईतील सर्व गृहनिर्माण संस्था आणि चाळ कमिट्यांचे पदाधिकारी

विषय: प्रशांत महासागर, आपले सात तलाव आणि घरातले निळे पिंप यांची एकत्र दखल घेण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

डेंग्यू-मलेरिया पावसाबरोबर येतात, हे मुंबईत शाळकरी पोरही सांगेल. ते खरे आहे, पण अर्धेच. उरलेला अर्धा भाग पाऊस न पडण्याचा आहे आणि त्यावर फारच कमी बोलले जाते. हे पत्र मुख्यतः त्याच अर्ध्या भागाबद्दल आहे.

साखळी अशी. विषुववृत्तालगतच्या मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराचे पाणी सरासरीपेक्षा अर्धा अंश किंवा त्याहून जास्त तापले आणि महिनोन्‌महिने तसेच राहिले, की त्याला एल निनो म्हणतात. अशा वर्षी आपला मान्सून अडखळण्याची शक्यता वाढते. २००२, २००४, २००९, २०१५ ही तशी वर्षे. २०२३ मध्येही एल निनो होता आणि त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नियम मात्र पक्का नाही. १९९७ चा एल निनो शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला, कारण त्या वर्षी हिंदी महासागराने बाजू सावरली. आफ्रिकेकडचे पाणी गरम आणि इंडोनेशियाकडचे थंड, अशी स्थिती झाली की आपल्याकडे पावसाला बळ मिळते. तिला हिंदी महासागराचा धन द्विध्रुव म्हणतात. २०१९ मध्ये तो फार तीव्र होता. त्या वर्षी मान्सूनने देशातून परतायला सुरुवातच ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात केली. म्हणून एकट्या एल निनोच्या बातमीवर भिस्त ठेवून चालत नाही, दोन्ही समुद्र पाहावे लागतात.

पाऊस कमी झाला की त्याचा फटका आधी सांताक्रूझच्या पर्जन्यमापकाला नव्हे, तलावांना बसतो. विहार आणि तुळशी शहरात आहेत, पण भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा हे मोठे पाच ठाणे, पालघर, नाशिककडच्या डोंगरांत. शहरात गुडघाभर पाणी तुंबलेले असताना भातशाच्या पाणलोटात उघडीप असू शकते. वर्षभर पुरवठा सुरळीत ठेवायला १ ऑक्टोबरला सातही तलावांत मिळून साधारण साडेचौदा लाख दशलक्ष लिटर साठा लागतो. तो नसेल तर पुढे कधीतरी कपात येते. २००९ मध्ये आली, २०१५ च्या ऑगस्टमध्ये २० टक्के आली, २०२४ मध्ये मेअखेर ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के आली.

कपात जाहीर झाली की त्याच संध्याकाळी पिंपांचा खप वाढतो. इथून पुढे विषय जलअभियंत्यांचा राहत नाही, कीटकनाशक विभागाचा होतो.

दुष्काळातून साथ हे उलटे वाटेल, पण त्याचे दाखले जुने आहेत. १९३४-३५ मध्ये तेव्हाच्या सिलोनमध्ये पाऊस रुसला, वाहत्या नद्यांची डबकी झाली आणि एरवी मलेरिया फारसा नसलेल्या ओल्या पट्ट्यात ८० हजारांच्या आसपास माणसे दगावली. २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर, लामू आणि मोंबासात, चिकुनगुन्या उसळला तो कोरड्या, तापलेल्या हंगामात. लोकांनी घराघरांत पाणी साठवले होते आणि भांडी क्वचितच पूर्ण रिकामी होत होती. तीच साथ कोमोरोस, रियुनियन करत २००६ मध्ये भारतात थडकली. त्या एका वर्षात देशात १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले. १९७३ मध्ये बार्शीत दिसल्यानंतर तीन दशके हा आजार आपण जवळपास विसरलो होतो. ब्राझीलमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तर वेळही मोजून दिली: अतिवृष्टीनंतर डेंग्यूचा धोका शून्य ते तीन महिन्यांत वाढतो, दुष्काळानंतर तीन ते पाच महिन्यांनी. आणि दुष्काळाचा हा परिणाम शहरांत, नळाचे पाणी बेभरवशाचे असेल तिथे, जास्त दिसतो.

मुंबईचे म्हणाल तर २००९ च्या कपातीनंतर २०१० मध्ये शहरात मलेरियाचे ७६ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. याचा सारा दोष एल निनोवर टाकणे चुकीचे ठरेल. तेव्हा बांधकामेही जोरात होती. पण हा क्रम नजरेआड करणेही तितकेच चुकीचे.

आता पिंपाकडे जरा जवळून पाहू. २०० लिटरचे निळे प्लॅस्टिकचे पिंप, मोरीच्या शेजारी नाहीतर गॅलरीत. डेंग्यू-चिकुनगुन्याच्या एडिस डासाची मादी पाण्यावर अंडी घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या बोटभर वर, ओलसर भिंतीला ती चिकटवते. अंडे मिलिमीटरभरही लांब नसते, काळे, कोळशाच्या कणासारखे. पाणी खाली गेले की ती सुकतात, पण मरत नाहीत. सहा-सहा महिने तशीच टिकतात आणि पाणी पुन्हा त्या रेषेवर चढले की काही तासांत फुटू लागतात. म्हणून पिंप नुसते ओतून पुन्हा भरणे म्हणजे अंड्यांना हवे ते आयते देणे. पाणी गेले, अंडी भिंतीलाच राहिली.

दुसरी गोष्ट घरोघर तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना माहीत असते, पत्रकांत मात्र क्वचित उतरते. रोज वापरात असलेले पिंप फारसे गुन्हेगार नसते. दोन दिवसांत ते तळाला जाते, अळ्या तांब्याबरोबर बाहेर पडतात. गुन्हेगार असते ते दुसरे, ‘असू दे अडीनडीला’ म्हणून कोपऱ्यात भरून ठेवलेले. त्याला कोणी हात लावत नाही, वरच्या वर थोडे घेतले तर पुन्हा काठोकाठ भरले जाते. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचा प्रवास आपल्या हवेत आठ ते दहा दिवसांचा. कपातीच्या काळात अडीनडीचे पिंप तीन-तीन आठवडे तसेच उभे असते.

अशा वेळी ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा’ हा सल्ला कानावरून जातो. पाण्यासाठी पहाटे चारला उठणारी बाई भरलेले पिंप गटारात ओतणार नाही, आणि ओतू नयेच. तिला सांगायचे ते वेगळे. भरल्याचा वार पिंपावर खडूने लिहा. अडीनडीचे पिंप सहाव्या दिवशी वापरायला काढा आणि रोजचे रिकामे झालेले त्याच्या जागी राखीव ठेवा, म्हणजे पाणी एक थेंबही वाया जात नाही. पिंप तळाला गेले की भरण्याआधी काठापासून हातभर खालपर्यंतची भिंत काथ्याने घासा, तांब्याभर पाण्याने खंगाळा आणि ते पाणी दुसऱ्या भांड्यात न टाकता उन्हातल्या कोरड्या जमिनीवर फेका. झाकण नसेल तर दुहेरी सुती कापड ताणून रबराने बांधा. सैल कापड मध्ये झोळीसारखे पाण्याला टेकते आणि मादी त्या ओल्या कापडावरच अंडी घालते. असे झाकण असण्यापेक्षा नसलेले बरे, कारण झाकले आहे म्हणून कोणी आत डोकावत नाही.

टेमिफॉस या अळीनाशकाचे दाणे टाकायचे असतील तर ते विभागाच्या कर्मचाऱ्यानेच टाकावेत. १ टक्का दाण्यांचे प्रमाण २०० लिटरला २० ग्रॅम, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम, त्याहून जास्त नाही. पण रोज उपसल्या जाणाऱ्या पिंपात त्याचा असर लवकर उतरतो. काथ्या स्वस्त आणि जास्त भरवशाचा.

मलेरियाची गोष्ट थोडी निराळी. मुंबईत तो पसरवणारा अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी स्वच्छ पाण्यातला, गच्चीवरच्या टाकीतला, विहिरीतला डास आहे. हे आजचे ज्ञान नाही. १९११ साली बेंटले यांनी मुंबईच्या मलेरियावर सरकारला अहवाल दिला, त्यातही बोट विहिरी आणि टाक्यांकडेच होते. पावसाच्या लहरीशी या डासाचा संबंध एडिसपेक्षा सैल, कारण टाकी बारमाही भरलेली. तरी कपातीत त्याचेही फावते: जुन्या, बंद पडलेल्या विहिरी पुन्हा उघडल्या जातात, गच्चीवर जादा सिंटेक्स चढतात, टँकरचे पाणी घ्यायला तळटाकीचे झाकण उघडे राहते.

सोसायट्यांसाठी म्हणून इथे थोडे सविस्तर. टाकीचे झाकण घट्ट असून भागत नाही. ओव्हरफ्लोचा आणि हवेचा पाइप उघडा असेल तर डासाला तो दरवाजाच आहे. त्यावर इंचाला सोळा तारांची जाळी तारेने आवळून बांधा. नायलॉनची जाळी उन्हाने वर्षा-दोन वर्षांत कुजते, स्टेनलेस स्टीलची टिकते. टाकीला पक्की शिडी हवी, कारण शिडी नसेल तर तपासणीला आलेला माणूस खालूनच मान वर करून जातो. वर चढल्यावर झाकण हळूच सरकवा. सावली पडली की अळ्या बुडी मारतात, तेव्हा मिनिटभर थांबून टॉर्च तिरपा धरा. पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली अळी दिसली तर ती अ‍ॅनोफिलीस, म्हणजे मलेरिया. शेपटाकडची नळी वर लावून डोके खाली लटकलेली दिसली तर एडिस किंवा क्युलेक्स. एवढे वॉचमनलाही दहा मिनिटांत शिकवता येते.

बांधकामांवर स्लॅबला पाणी मुरवण्यासाठी बांध घालून किमान सात दिवस पाणी उभे ठेवतात. अळीला लागतात आठ ते दहा. म्हणजे मुकादमाने दोन-तीन दिवस जास्त पाणी ठेवले की स्लॅबबरोबर डासही तयार. पाचव्या दिवशी एकदा पाणी झाडूने लोटून काढावे, मग पुन्हा भरावे. लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी तर कोणाच्याच कामाचे नसते, ते पंपाने काढावे. डासांची पैदास होऊ देणाऱ्याला बजावायची, १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम ३८१ ची नोटीस हे हत्यार विभागाकडे आहेच.

आता पावसाच्या अर्ध्या भागाकडे. इथेही मोसमाची बेरीज फसवते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये पुणे शहराच्या डेंग्यूचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात २७ अंशांवरचे तापमान, ६० ते ७८ टक्के आर्द्रता आणि मध्यम, पसरून पडणारा पाऊस हे डेंग्यूला पोषक आढळले. आठवड्याला १५० मिमीच्या वर पाऊस झाला की तो उलट अळ्या धुऊन नेतो. हा आकडा पुण्याचा आहे, पण मुंबईला लावून पाहण्यासारखा. सांताक्रूझला जुलैची सरासरी साडेआठशे मिमीच्या वर, म्हणजे आठवड्याला दोनशेच्या आसपास. सप्टेंबरची साडेतीनशेच्या थोडी वर, म्हणजे आठवड्याला ऐंशी-नव्वद. जुलैचा पाऊस गच्चीवरचा डबा, ताडपत्रीची खळगी, टायर वाहते ठेवतो. सप्टेंबरचा पाऊस त्यांना फक्त भरून देतो आणि वर ऊन पडते. घरातल्या पिंपाला आणि झाकलेल्या टाकीला मात्र यातला कुठलाही पाऊस धुऊ शकत नाही.

पावसाचा जोर आणि उघडीप यांच्यामागे आणखी एक मोठी लाट असते, मॅडन आणि ज्युलियन यांनी १९७१ मध्ये दाखवलेली. ढगांचा हा पट्टा साधारण ३० ते ६० दिवसांत विषुववृत्ताभोवती पूर्वेकडे सरकत जातो. तो हिंदी महासागरावर असला की आपल्याकडे जोर धरण्याची शक्यता वाढते, पुढे सरकला की उघडीप. एल निनोसारखा तो वर्षाचा हिशेब नाही, आठवड्यांचा आहे, आणि म्हणूनच कामाचा. हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढते. पहिल्या दोन आठवड्यांचा भरवसा जास्त, नंतरच्यांचा कमी.

त्या दोन आठवड्यांचे मोल किती, ते उलटे मोजून पाहा. पाऊस थांबला, खळगीत पाणी राहिले. अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस. मादीला चावायला लागायला दोन-तीन. तिने तापाच्या माणसाचे रक्त घेतले की तिच्या अंगात विषाणू पिकायला सात-दहा. ज्याला ती पुढे चावली त्याला ताप यायला चार-सात. तो दवाखान्यात जाऊन तपासणी होईपर्यंत आणखी तीन-चार. बेरीज साडेतीन ते पाच आठवडे. दवाखान्यात गर्दी दिसते तेव्हा तिला जन्म देणारी उघडीप महिन्यापूर्वी होऊन गेलेली असते. रुग्णसंख्या पाहून अळ्या शोधायला निघणे म्हणजे गाडी सुटल्यावर फलाटावर धावणे.

यात तापमानाचाही वाटा आहे, पण मुंबईत तो वेगळ्या प्रकारे. डेंग्यूचा विषाणू डासाच्या अंगात २५ अंशांना सरासरी १५ दिवस घेतो, ३० अंशांना साडेसहा. मादी मोकळ्यावर फार तर दोन-तीन आठवडे जगते, त्यामुळे हे आठ दिवस फार मोठे. पाऊस ओसरल्यावरचे सप्टेंबर-ऑक्टोबर इथेच बसतात: हवा २८-२९ अंश, दमट, पाणी जागोजागी. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी नाशिककडे जानेवारीत २० अंशांच्या सरासरीला डासात एकोणीस दिवस अडकून पडतो, तर मुंबईत २४ अंशांना अकरा दिवसांत तयार होतो. थोडक्यात, थंडी आपल्याला सुट्टी देत नाही. मुंबईत बारा महिने उष्णतेची चाल डासाच्या बाजूने असते, अडवायचे असेल तर ते पाण्यापाशीच.

धूरफवारणीबद्दल एवढेच. ती उडत्या डासाला मारते, अळीला नाही. एडिस दिवसा चावतो आणि पलंगाखाली, कपाटामागे, टांगलेल्या काळ्या कपड्यांत बसतो. गल्लीत धूर येताना पाहून लोक खिडक्या लावून घेतात, म्हणजे डासाच्या वतीनेच दार लावले जाते. रुग्ण सापडलेल्या घरात आणि भोवतालच्या घरांत आतून फवारणी करणे याला अर्थ आहे. नगरसेवकाच्या आग्रहावरून रस्त्यावर सोडलेल्या ढगाला नाही.

हवामानातून सगळे कळते, असा आमचा दावा नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. शहरात बरीच वर्षे न फिरलेला प्रकार आला तर हवामान सौम्य असूनही साथ येते. व्हायवॅक्सचा परजीवी यकृतात दडतो आणि १४ दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या चौथ्या दिवशी ताप उतरला म्हणून सोडल्या, तर काही महिन्यांनी तोच माणूस पुन्हा डासांना परजीवी पुरवतो. ते काम आरोग्य केंद्रांचे, ढगांचे नव्हे. पण कुठल्या आठवड्यात कुठे माणसे पाठवायची, हे हवामान नक्की सांगू शकते.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत. पहिली आणि मुख्य म्हणजे, पाणीकपातीचा आदेश निघेल त्याच दिवशी, त्याच कागदावर पिंपाचा आदेश निघावा: खडू, काथ्या, सहावा दिवस, ताणलेले कापड. कपातीच्या तिसऱ्या आठवड्यापासून अळी-तपासणी पाण्याचा दाब कमी असलेल्या आणि टोकाच्या वस्त्यांपासून सुरू व्हावी. दाब कुठे कमी असतो, हे जलअभियंता खात्याला गल्लीनिशी माहीत आहे. ती यादी कीटकनाशक विभागाला द्यायला निविदा लागत नाही, फोन पुरतो.

दुसरी, मोहिमेची तारीख कॅलेंडरवरून काढू नये. मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला. सुकलेल्या अंड्यांना मान्सून अधिकृत आहे की वळवाचा पाऊस, हे कळत नाही. भंगार, टायर, गच्चीवरचा पसारा मेच्या पहिल्या पंधरवड्यातच हलवावा. आणि परतीची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर झाली असताना कंत्राटी कामगारांची मुदत सप्टेंबरअखेर संपू देऊ नये.

तिसरी, जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर शुक्रवारी सकाळी प्रत्येक विभाग कार्यालयात गुरुवारचा अंदाज आणि मागच्या आठवड्याचा अळी-निर्देशांक (तपासलेल्यांपैकी किती ठिकाणी अळ्या सापडल्या त्याचे प्रमाण) शेजारी ठेवून पुढच्या आठवड्याचे पथक ठरावे. जोराच्या पावसानंतर कोरडा आठवडा दिसत असेल तर पावसाच्या शेवटच्या दिवसापासून सातव्या दिवसाच्या आत त्या भागातली भांडी तपासून झाली पाहिजेत. आठव्या दिवशी गेलेले पथक रिकाम्या कोषांच्या साली मोजून परत येते.

एल निनोचे अंदाज फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये डळमळीत असतात, जूननंतर पक्के होऊ लागतात. तेव्हा या वर्षापुरती सुरुवात सोपी आहे: १ ऑक्टोबरच्या तलावसाठ्याच्या आढाव्याला प्रमुख कीटकनाशक अधिकाऱ्यांसाठी एक खुर्ची वाढवावी. साठा कमी असला तर पुढच्या उन्हाळ्यातली पिंपे त्यांना त्याच दिवशी मोजता येतील.

आपले,
मुंबईत डास आणि हवामान या दोन्हींवर काम करणारे काही जण